काम झालं की बसता आलं पाहिजे

काल परत एक फोन आला. "भाऊ, लॅबचे (लॅब्राडोरचे) पिल्लं आहेत म्हणे तुमच्याकडे, डबल बोन मिळेल का?" मी म्हटलं, नाही ना बाप्पा, आमच्याकडच्या कुत्र्यांना सिंगलच हाडं आहेत, देवाने दिली तेवढीच. गडी हसला नाही, त्याला जाड हाडाचं कुत्रं पाहिजे होतं. मग हेवी हेड (मोठं डोकं) आहे का, एकदम पांढरा आहे का, पेपरवाला (नोंदणीचे कागद असलेला) केवढ्याला, बिनापेपरचा केवढ्याला. पाच मिनिटं बोलला, पण कुत्रा घरी नेल्यावर दिवसभर कोणाजवळ राहणार ते काही बोलला नाही. शेवटी मीच विचारलं तर म्हणे, "कुत्र्याचं काय, राहते कुठंबी."

तर म्हटलं आता एकदा लिहूनच टाकावं, पुढच्या फोनला हेच वाचायला देऊन देतो.

आमचं गाव साकोलीपासून आत. हायवे सोडला की धानाच्या बांध्या आणि मामा तलाव, म्हणजे जुने माजी मालगुजारी तलाव, भंडारा-गोंदियाकडे पावलापावलावर आहेत. केनेल म्हणावं असं काही नाही आमचं, बोर्ड नाही, पिंजरे नाहीत. घर, छपरी, मागं कोठा, त्यात दोन बैल, एक गाय आणि सध्या तीन कुत्री. मैना आठ वर्षांची काळी लॅब्राडोर, तिची पोरगी झुंबर, पिवळी, दोन वर्षांची होत आली, आणि भोला. भोलाचं पुढं सांगतो. मैनाची तीन लिटर, म्हणजे तीन वेतं झाली आणि बस, तिसऱ्यानंतर ऑपरेशन करून टाकलं. सरकारचे २०१७ चे नियम पाच लिटरपर्यंत चालू देतात, १८ महिन्यांच्या आत नाही, आठ वर्षांनंतर नाही, वर्षात एकापेक्षा जास्त नाही, आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही. नियम चांगलेच आहेत पण मला पाच म्हणजे जास्त वाटतात. बाईमाणसाला विचारून पाहा, माझ्या मायला विचारलं तर म्हणे तीनबी लय झाले.

आता मुद्दा. लॅब्राडोर असो की गोल्डन, रिट्रीव्हर म्हणजे आणून देणारं कुत्रं. साहेब लोक बंदुकीने बदक पाडत, ते पाण्यातून न चावता उचलून आणून हातात द्यायचं हे याचं मूळ काम. त्या एका कामात किती गुण लागतात पाहा, थंड पाण्यात उडी मारायची हिंमत, नाक, ताकद, नरम तोंड, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पाळी येईपर्यंत मालकाच्या पायाजवळ चूप बसून राहणं. बंदुका वाजून राहिल्या, पक्षी पडून राहिले, दुसरी कुत्री धावून राहिली आणि आपण बसलो. हे जे बसणं आहे ना, तेच आजकाल हरवून राहिलं. एकीकडे डॉग शोवाल्यांनी नुसतं डोकं आणि हाड पाहिलं तर कुत्रं जाडं, सुस्त झालं, दुसरीकडे कामाची कुत्री पाळणाऱ्यांनी नुसता वेग पाहिला तर असं कुत्रं झालं जे घरात पंधरा मिनिटं बसत नाही, सोफा फाडून टाकते. आमचं म्हणणं एवढंच की शरीर धड पाहिजे, डोकं थंड पाहिजे, कामाची हौस पाहिजे, आणि काम झालं की बसता आलं पाहिजे. एकाच गोष्टीच्या मागं लागलं की बाकीच्या हळूच निघून जातात, आणि गेल्या हे तुम्हाला दोन पिढ्यांनंतर समजते.

हे शहाणपण काही सुरुवातीपासून नव्हतं. मैनाच्या पहिल्या वेळी मीही त्या फोनवाल्यासारखाच होतो. एका मोठ्या शहरात चॅम्पियन नर होता, भिंतीवर ट्रॉफ्या, डोकं असं की मडकं. मालकाला विचारलं हिप्सचं काय, तर म्हणे एकदम ओके, तुम्ही पाहा ना कसा पळते. मी पाहिलं, पळत होता, म्हटलं ओके. एक्स-रे मागितला नाही. आणि खरं सांगायचं तर मैनाचाही काढला नव्हता, त्यामुळे त्याच्यावर सगळं ढकलता येत नाही. आठ पिल्लं झाली, आठही विकली गेली, मी गावात छाती काढून फिरत होतो. दहा महिन्यांनी एका घरून व्हिडिओ आला, कुत्रा जिना चढताना मागचे दोन्ही पाय एकत्र उचलून सशासारखा उड्या मारून राहिला. तो भोला. नागपूरला नेऊन एक्स-रे काढला, डॉक्टरांनी प्लेट उजेडासमोर धरून दाखवली, खुब्याची वाटी पाहिजे तशी खोलच नाही, बशीसारखी उथळ, आणि हाडाचा गोळा अर्धा बाहेर. हिप डिसप्लेशिया. तेव्हा मैनाचाही एक्स-रे काढून घेतला, तिची वाटी चांगली निघाली, पण माझा अंधारातला दगड तर फेकून झालाच होता. त्याच लिटरमधलं अजून एक पिल्लू तसंच निघालं, ते घर म्हणालं राहू द्या आम्ही सांभाळतो. भोलाच्या घरी लहान लेकरं, तिसऱ्या मजल्यावर राहणं, लिफ्ट नाही. पैसे परत केले आणि भोला घरी आणला. बायको गाडीत काहीच बोलली नाही, मौद्याजवळ चहाला थांबलो तेव्हा म्हणे, "विकताना विचारलं होतं का तुम्ही, मजला कोणता म्हणून?"

नव्हतं विचारलं.

तेव्हापासून पद्धत बदलली. दोन वर्षं पूर्ण झाल्याशिवाय आणि खुब्याचा, कोपराचा एक्स-रे पाहिल्याशिवाय मेटिंग नाही. अमेरिकेत ओएफए नावाची संस्था आहे, ती २४ महिन्यांच्या आधी खुब्याचा पक्का दाखला देत नाही, तोच हिशेब आपण धरला. लोक म्हणतात आईबापाचे खुबे चांगले तर पिल्लांचे चांगलेच ना? तसं नसते भाऊ. ही एका जीनची भानगड नाही, बऱ्याच जीन्सचा मिळून मामला आहे, वरून खाणंपिणं, गुळगुळीत फरशी, वजन यांचाही हात लागतो. चांगल्या आईबापालाही कधी खराब पिल्लू होते, फक्त त्याची शक्यता कमी होते. मी गॅरंटी देत नाही, प्लेट दाखवतो.

काही गोष्टी मात्र सरळ डीएनएवर कळतात. ईआयसी नावाचा एक आजार आहे लॅबमध्ये, कुत्रा चांगला धडधाकट दिसतो, पण पाच-पंधरा मिनिटं जोरात खेळला की मागचे पाय लटपटतात आणि खाली बसतो. पीआरए म्हणून दुसरा, त्यात डोळे हळूहळू जातात. दोन्ही दोष असे की आईकडून एक आणि बापाकडून एक अशी दोन खराब प्रत आली तरच आजार होतो. गालाच्या आतून नमुना घेतात आणि लॅबला पाठवतात (हो हो, लॅबचं लॅबला). मैना ईआयसीची कॅरिअर निघाली तेव्हा दोन लोकांनी सल्ला दिला की हिला काढून टाक. काहून? कॅरिअर म्हणजे एकच खराब प्रत असलेली, आजारी नाही. तिला क्लिअर, म्हणजे एकही खराब प्रत नसलेला नर दिला की एकही पिल्लू आजारी होत नाही, साधारण अर्धी कॅरिअर होतील, ती पुढच्या वेळी पाहून घेऊ. असे चांगल्या स्वभावाचे कुत्रे एका कागदापायी बाद करत बसलो तर उरलेल्या चार घराण्यांतच फिरत राहावं लागते, आणि नातेवाइकांत लग्न लावत बसलं की काय होते हे गावात कोणाला सांगायला नको.

रंगाचंही सांगून टाकतो. झुंबरची आई काळी, बाप काळा, आणि झुंबर पिवळी. गावात पोट्टे म्हणत होते, बाप दुसराच असन, भाऊला फसवलं. पिवळा रंग लपून बसणारा असतो, दोन काळ्यांच्या पोटात लपून राहते आणि दोघांकडून एकेक आला की बाहेर निघते. १८९९ मध्ये इंग्लंडात बेन ऑफ हाइड नावाचा पहिला नोंदलेला पिवळा लॅब जन्मला तोही काळ्याच आईबापाच्या पोटी. गोल्डनचीही तीच गोष्ट, स्कॉटलंडच्या लॉर्ड ट्वीडमाउथने १८६५ मध्ये जो पिवळा नूस घेतला तो काळ्या पिल्लांच्या लिटरमधला एकटा पिवळा होता, पुढं १८६८ मध्ये ट्वीड वॉटर स्पॅनिएल जातीच्या बेलपासून त्याला पिवळी पिल्लं झाली आणि तिथून गोल्डनचं घराणं चाललं. म्हणजे रंग हा गंमतीचा भाग आहे, त्याचे वेगळे पैसे कशाचे. आमच्याकडे काळ्याला आणि पिवळ्याला एकच भाव. अन् ते डबल बोनचं म्हणाल तर लॅबच्या ब्रिटिश स्टँडर्डमध्ये, म्हणजे जातीच्या ठरलेल्या मापात, उंची दिली आहे, नर ५६ ते ५७ सेंटीमीटर, मादी ५५ ते ५६. वजन दिलेलंच नाही. ४५ किलोचा लॅब हे कौतुक नाही, ते गुडघ्याचं दुखणं आहे.

खाण्यावरून तर मी मायशी रोज भांडतो. ती भाकरीला तूप लावून टाकते. लॅबला कधी पोट भरल्यासारखं वाटतच नाही, आणि ते सगळं नाटक नसते, २०१६ मध्ये केंब्रिजवाल्यांनी शोधलं की साधारण दर चार लॅबमागे एकाच्या पीओएमसी नावाच्या जीनमध्ये तुकडा गायब असतो, त्याला भूक जास्त लागते. दुसरा एक अभ्यास मला लय आवडतो, ४८ लॅब्राडोर, भाऊबहिणींच्या जोड्या लावल्या, एकाला दुसऱ्यापेक्षा पाव हिस्सा कमी खायला दिलं, मरेपर्यंत. कमी खाणारे साधारण १३ वर्षं जगले, दुसरे ११ च्या थोडे वर, आणि खुब्याचा संधिवातही कमी खाणाऱ्यांना उशिरा झाला. हे मी मायला सांगितलं तर ती म्हणे, "मंग तू बी पाव कमी खात जा." आमच्याकडे कणकीचा (तुकडा तांदळाचा) भात, अंडी, कोंबडी, ताक आणि थोडं तयार खाणं असं चालते. हात फिरवला की बरगडी बोटाला लागली पाहिजे, पण डोळ्याला दिसली नाही पाहिजे. भोलाचं वजन २७ च्या वर जाऊ देत नाही, म्हणून तर तो अजून स्वतःच्या पायाने तलावावर येते.

आता तलाव. शिकार कायद्याने बंद आहे, आणि चालू असती तरी मी केली नसती, मग रिट्रीव्हरचं काम तपासायचं कसं? हे मला मैनानेच शिकवलं. तलावात मासे धरणाऱ्या ढिवर लोकांची जाळी असतात, शिंगाडाही असतो. एकदा पावसात जाळ्याचा थर्माकोलचा बोया सुटून वाहून चालला होता, तलावाच्या पाळीवर (बांधावर) एक ढिवर काका उभे होते, डोंगा पलीकडच्या काठाला. मैना माझ्या पायाजवळ बसली होती, बोया पाहून राहिली होती, मग माझ्याकडे पाहिलं, परत बोया. मी काही शिकवलं नव्हतं तिला. नुसतं "जा" म्हटलं. शिंगाड्याच्या वेलातून वाट काढत गेली, बोया तोंडात धरला, परत आली आणि काकांच्या नाही, माझ्या हातात दिला. थर्माकोलवर दाताची एक खूण नाही. आणि मग, हे महत्त्वाचं, अंग झटकलं (आम्हा दोघांना भिजवून) आणि बसली. परत पाण्याकडे धाव नाही, भुंकणं नाही, "अजून टाक अजून टाक" नाही. काका म्हणाले, "हे तं माणसापेक्षा बरं हाय बाप्पा."

तेव्हापासून आमची परीक्षा घरगुती आहे. कापडात गुंडाळलेली रिकामी बाटली पाण्यात टाकायची, ती तर कोणताही लॅब आणते. मग वाडीतलं भरताचं वांगं, ताजं, चमकदार, ते द्यायचं आणि छपरीपासून चुलीपर्यंत आणायला लावायचं. वांग्याच्या सालीवर दात लगेच उठून दिसतो. झुंबरने पहिली तीन वांगी फोडली, चौथं कोरं आणलं, आणि त्या दिवशी घरात भरीतच होतं. पण तोंडापेक्षा मी जास्त पाहतो ते नंतरचं. रोवणीच्या दिवसांत पंधरा-वीस बाया बांधीत, ट्रॅक्टर चिखलात, पोट्टे ओरडून राहिले, बगळे उडून राहिले आणि कुत्रं धुऱ्यावर बसलं पाहिजे, बांधलेलं नाही, बसलेलं. नर शोधायला जातो तेव्हाही हेच. ट्रॉफी पाहत नाही, त्याच्या घरी जाऊन खुर्ची टाकून तासभर बसतो, चहा पितो. बेल वाजली तर काय करते, लेकरू अंगावर पडलं तर काय करते, ताट ठेवलं असताना जवळून गेलं तर काय करते. झुंबरचा बाप रायपूरच्या एका घरातला, कुठं शोला गेलेला नाही, त्या तासात तो दोनदा उठला आणि अठ्ठावन्न मिनिटं झोपला. मी तिथंच बायकोला फोन केला की सापडला.

पिल्लं झाल्यावरचं काम मात्र अर्धं आमच्या हातात असते. ६३ दिवसांचा हिशेब आधीच मांडून ठेवतो, कारण एप्रिल-मे मध्ये आमच्याकडे ४५ डिग्रीच्या खाली बोलायचं नाही, त्या भट्टीत बाळंतपण नको, माजाचं गणित जमलं नाही तर तो माज सोडून देतो. विण्याच्या आदल्या दिवशी आईचं तापमान ९९ च्या खाली येते, थर्मामीटर आणि वही खाटेखाली. तेरा-चौदा दिवसांत डोळे उघडतात, आणि तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्यापर्यंत जे दिसलं-ऐकलं ते कुत्रं जन्मभर "हे तर आपलंच आहे" समजते. म्हणून आमची पिल्लं वेगळ्या खोलीत वाढत नाहीत. कुकरची शिट्टी, मळणी यंत्र, गाय, टीव्ही, भजन, सगळं कानावरून जाते.

झुंबर ज्या लिटरमधली ते जुलैच्या सुरुवातीचं, म्हणजे पोळ्याला सात आठवड्यांचं. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, गावातली लेकरं लाकडी नंदी ओढत बोजारा मागायला घरोघर. आमच्या छपरीत एका वेळी वीसेक नंदी, लाकडी चाकं फरशीवर खडखड खडखड, घुंगरं, आरडाओरडा. सातही पिल्लं पळाली. झुंबर तर जागीच मुतली आणि खाटेखाली घुसली. मी मोबाईलमध्ये वेळ लावून बसलो होतो. अर्ध्या मिनिटात खाटेखालून नाक निघालं, मग एक पाय, मग ती सरपटत एका नंदीच्या चाकापाशी आली, चाक हुंगलं, नंदी हलला, ती मागं झाली, परत आली, आणि शेवटी नंदीच्या शेपटीचा गोंडा धरून ओढायला लागली. ते पोरगं रडायला लागलं, त्याला दहा रुपये जास्त दिले. घाबरणं हा गुन्हा नाही, न घाबरणारं पिल्लू तर मला बहिरं वाटते. परत किती वेळात येते ते मी पाहतो. त्याच लिटरमधलं सगळ्यात मोठं, देखणं, रुंद डोक्याचं पिल्लू संध्याकाळपर्यंत कोठ्यातून निघालं नाही. त्याचा फोटो पाहून एका गृहस्थाने आधीच बुकिंगचे पैसे पाठवले होते, चार लेकरांचं, रोज पाहुण्यांचं घर. पैसे परत केले. म्हणे जास्त देतो. म्हटलं नको, ते पिल्लू तुमच्याकडे दिवाळीच्या फटाक्यांत वेडं होईल. ते आता एका रिटायर जोडप्याकडे आहे, शांत घर, मोठं अंगण, तिथं ते खुश आहे. गृहस्थ माझ्याशी बोलत नाहीत.

भोलाचं सांगायचं राहिलंच. खुबे खराब, ऑपरेशन करून टाकलेलं, वंश चालणार नाही, पण पिल्लांचा खरा मास्तर तोच. पिल्लू जोरात चावलं की तो फक्त उठतो, लंगडत चार पावलं दूर जाऊन बसतो. खेळ बंद. दोन-तीन दिवसांत पिल्लांना समजते. मी एवढं चांगलं शिकवू शकत नाही, माझा आवाज चढतो.

आता जून आहे, मृगाचे दोन पाऊस येऊन गेले, पऱ्हे (धानाची रोपं) टाकायची घाई आहे. पुढच्या महिन्यात झुंबरला दोन वर्षं पूर्ण होतात आणि नागपूरला तिच्या खुब्याचा एक्स-रे ठरला आहे. डीएनए आला, ईआयसी क्लिअर. स्वभाव तर तुम्ही वाचलाच. पण प्लेट खराब आली तर तिचंही ऑपरेशन, आणि मैनाचा वंश आमच्या घरातून तिथंच थांबतो, कारण बाकीची पिल्लं सगळी पाळीव म्हणून दिली, ब्रीडिंगला नाही. रात्री हाच विचार करत छपरीत बसलो होतो तर बायको आली, झुंबर तिच्या चपलेवर डोकं ठेवून झोपली होती, चप्पल ओढता येईना. म्हणे, "प्लेट कशीबी येवो, हे घरातच राहते. आता हिला उठवा, मला चप्पल पाहिजे."

मी उठवलं नाही, माझी चप्पल दिली.